रेफरच्या चिठ्ठीआधी इंजेक्शन

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
तसेच सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक

विषय: बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन प्रसूती झाली त्याच ठिकाणी, रेफर करण्याआधी देण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. सरकारी प्रसूतिगृहात अधिपरिचारिका म्हणून माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. बाळंतिणीच्या अंगावरून प्रमाणाबाहेर रक्त जातंय हे लक्षात आल्याबरोबर, बाळंतपण जिथे झालं तिथेच, तिला ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड एक ग्रॅम शिरेतून मिळालं पाहिजे. त्यासाठी मोठ्या दवाखान्याची किंवा तज्ज्ञ डॉक्टरांची वाट बघायची वेळ कोणत्याही सिस्टरवर येऊ नये. राज्यातल्या काही केंद्रांत हे आजही व्यवस्थित होतं, तिथल्या लोकांचं कौतुकच आहे. पण ते एखाद्या जागरूक डॉक्टरवर किंवा धीट सिस्टरवर अवलंबून राहतं, आणि त्यांची बदली झाली की थांबतं. म्हणून हे पत्र.

औषध नवं नाही. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ते आहे. ५ मिलीच्या अँप्युलमध्ये ५०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका डोसाला दोन अँप्युल लागतात. गर्भपिशवी आवळायला देतात त्या ऑक्सिटोसिनसारखं त्याला फ्रीज लागत नाही, साध्या कपाटात टिकतं. आठवड्यातून कितीदा लाईट जाते हे जिथे कोणी मोजतही नाही, अशा आरोग्य केंद्रासाठी ही किती मोठी गोष्ट आहे ते तिथे काम केलेल्यालाच कळेल.

घाई का करायची, हे समजायला औषध काय करतं ते पाहावं लागेल. रक्त गोठतं तेव्हा फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं तयार होतं आणि त्यावर गुठळी धरते. ते जाळं पुढे विरघळवायची सोयही शरीरात असते, ते काम प्लाझ्मिन करतं. वार सुटल्यानंतर किंवा अपघातातल्या मोठ्या जखमेत हे विरघळणं फार लवकर आणि फार जोरात सुरू होऊ शकतं. एकीकडे गुठळी धरते आणि दुसरीकडे सुटत जाते. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड प्लाझ्मिनोजेनला, म्हणजे ज्यातून प्लाझ्मिन तयार होतं त्याला, फायब्रिनच्या धाग्यांवर बसूच देत नाही. ते गुठळी तयार करत नाही, तयार झालेली टिकवतं. म्हणूनच ते सुरुवातीला द्यायचं. गुठळ्या विरघळून गेल्या आणि अंगातली गोठवण्याची ताकदच संपली, की टिकवायला काही उरत नाही.

हे आकड्यांतही स्पष्ट दिसलं आहे. क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतले २०,२११ अपघातग्रस्त होते, त्यांत भारतातल्या रुग्णालयांतलेही पुष्कळ होते. निष्कर्ष २०१० साली आले: औषधाने मृत्यू कमी होतात. पुढच्याच वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड केली, तेव्हा कळलं की फायदा पहिल्या तासात सर्वांत जास्त आहे, तीन तासांपर्यंत आहे, आणि त्यानंतर दिलं तर उलट रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढतात. बाळंतिणींसाठीची वूमन ही चाचणी २१ देशांतल्या २०,०६० स्त्रियांवर झाली आणि २०१७ मध्ये छापून आली. बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. नकोशा गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं नाही. दोन्ही चाचण्यांमधले ४० हजारांवर रुग्ण एकत्र धरून २०१८ मध्ये जे विश्लेषण झालं, ते तर प्रत्येक लेबर रूमच्या भिंतीवर लावावं असं आहे: दर पंधरा मिनिटांच्या उशिराला औषधाचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच सूचना दिली आहे. जास्त रक्तस्राव झाल्याचं निदान झालं की लवकरात लवकर, आणि बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत, एक ग्रॅम शिरेतून, सावकाश, दहा मिनिटांत. अर्ध्या तासाने रक्त चालूच असेल किंवा चोवीस तासांच्या आत पुन्हा सुरू झालं, तर आणखी एक ग्रॅम. रक्तस्राव गर्भपिशवी सैल पडल्याने असो की प्रसूतिमार्ग फाटल्याने, औषध द्यायचंच. म्हणजे कारण सापडेपर्यंत थांबायची सवड या सूचनेत ठेवलेलीच नाही.

आता दर पंधरा मिनिटांचा हिशेब डोक्यात ठेवून आपला नकाशा बघा. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर. मोखाडा-जव्हारकडच्या बाईला बरेचदा नाशिकला पाठवतात. धडगावहून नंदुरबारला यायचं तर सातपुड्याचा घाट उतरावा लागतो, धारणीहून अमरावतीला जायचं तर मेळघाट ओलांडावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा ठिकाणाहून ‘पुढील उपचारासाठी’ पाठवलेल्या बाईचे तीन तास रस्त्यातच संपतात.

एक प्रसंग सांगते. ठिकाण आणि नावं लिहीत नाही, कारण मला कोणावर बोट दाखवायचं नाही. रात्रपाळी होती. १०८ मधून बाळंतीण आली, तिसरं बाळंतपण, रक्त आधीच कमी. हाताला सलाईन चालू, ओठ पांढरे पडलेले, सारखं पाणी मागत होती. चिठ्ठीवर लिहिलेलं: पीपीएच (म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव), ऑक्सिटोसिन दिले, सलाईन चालू, पुढील उपचारासाठी पाठवत आहोत. बाळ किती वाजता झालं ते नव्हतं. डॉक्टरांनी सासूला विचारलं, तर ती म्हणाली, “लाईट गेली ना, तव्हाच झालं.” लाईट किती वाजता गेली ते कोणालाच सांगता येईना. शेवटी अंदाज बांधून ट्रॅनेक्सॅमिक सुरू केलं, रक्त लावलं, भूलतज्ज्ञ आले. उजाडायच्या आत ती गेली.

नंतर कळलं की वाटेत ज्या दवाखान्यात तिला उतरवलं होतं तिथे हीच अँप्युल होती. पण ऑपरेशन थिएटरच्या कपाटात. कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते घरी. इंजेक्शन वेळेत मिळालं असतं तर ती वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. एका बाईबद्दल तसं छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही. पण जे औषध तिच्यापासून एका भिंतीपलीकडे होतं, ते तिला शंभर किलोमीटर लांब गेल्यावर मिळालं, हे मात्र खरं आहे.

यात जिथे बाळंतपण झालं त्या केंद्रातल्या सिस्टरची चूक मी मानत नाही. तिने पोटावरून गर्भपिशवीची मालिश केली, ऑक्सिटोसिन दिलं, शीर धरली, गाडी बोलावली. एकट्या बाईने मध्यरात्री याहून काय करावं? पण ट्रॅनेक्सॅमिक स्वतःच्या हिमतीवर द्यायची वेळ आली की तिच्या मनात एकच प्रश्न असतो: उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? डॉक्टर तालुक्याला बैठकीला गेलेले असतात, फोन लागत नाही, लागला तरी “बघू, आधी पाठव तिला” असं उत्तर येतं. म्हणून मला लेखी स्थायी आदेश हवा आहे, विभागाच्या सहीशिक्क्याचा. प्रसूती करणाऱ्या सिस्टरने किंवा एएनएमने (उपकेंद्रातल्या परिचारिकेने) रक्तस्रावाचं निदान झाल्यावर पहिला डोस डॉक्टरांना विचारण्यासाठी न थांबता द्यावा, आणि देताना डॉक्टरांना कळवावं. कोणाला द्यायचं नाही तेही त्याच कागदावर असावं: आताच पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेली बाई, झटक्यांचा आजार असलेली, या औषधाची अ‍ॅलर्जी असलेली. हा कागद लॅमिनेट करून ट्रेला बांधला, की सिस्टरच्या हाताला बळ येईल.

अंगावरून ‘जास्त’ गेलं हे ठरवायचं कसं, हाही मोठा प्रश्न आहे. आम्ही वर्षानुवर्षं नजरेने ठरवत आलो, आणि नजर कमीच सांगते. पॅडमध्ये मुरलेलं, चादरीत गेलेलं, टेबलाखालच्या बादलीत पाण्यात मिसळलेलं रक्त मोजणार कोण? केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत बाळंतिणीच्या खाली रेघा आखलेली प्लास्टिकची पिशवी लावली. रक्त त्यात जमा होतं आणि किती गेलं ते रेघेवर दिसतं. रेघ ओलांडली की मालिश, गर्भपिशवी आवळणारं औषध, ट्रॅनेक्सॅमिक, सलाईन आणि तपासणी, हे सगळं एकदम सुरू, एकामागून एक वाट बघत नाही. २०२३ मध्ये निकाल आला. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. ती पिशवी म्हणजे काही यंत्र नव्हे. ती आपल्याकडेही सहज बनेल.

आता औषधाच्या मर्यादा, कारण आपल्याकडे एखादं इंजेक्शन चांगलं म्हटलं की सरसकट टोचायची रीत पडते. ट्रॅनेक्सॅमिक हे ऑक्सिटोसिनच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. सैल पडलेली गर्भपिशवी त्याने आवळत नाही, अडकलेली वार त्याने पडत नाही, आणि गेलेलं रक्त ते भरून देत नाही. त्यासाठी रक्तपेढी आणि रक्त साठवण केंद्रं चालू असायलाच हवीत. प्रत्येक बाळंतिणीला आधीच देऊन ठेवू, असाही विचार कोणी करू नये. रक्त कमी असलेल्या १५ हजारांवर स्त्रियांवर झालेल्या वूमन-२ चाचणीत तसं देऊन पाहिलं, रक्तस्राव टळला नाही. आतड्या-जठरातल्या रक्तस्रावात जास्त डोस चोवीस तास देऊन पाहिला, तिथे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांत गुठळ्या आणि झटके वाढले. आणि कोकणातल्या, विदर्भातल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी खास सांगते: घोणस किंवा फुरसं चावून हिरड्यांतून, लघवीतून रक्त जात असेल तर हे औषध नाही. तिथे सर्पविषावरची लसच द्यायची, दुसऱ्या कशात वेळ घालवायचा नाही.

याच्या उलट, रक्त थांबवायचं म्हणून इथॅम्सिलेट आणि व्हिटॅमिन के मात्र आपल्याकडे सर्रास दिली जातात. केस पेपरवर ती दोन नावं हाताच्या सवयीने लिहिली जातात. बाळंतिणीच्या रक्तस्रावात त्यांच्यामागे ट्रॅनेक्सॅमिकसारखा पुरावा नाही. ज्या सिरिंजमध्ये जीव वाचवणारं औषध भरता आलं असतं, तिच्यात दुसरंच भरून आपण समाधान करून घेतो, हे बघून मला फार वाईट वाटतं.

एका धोक्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो टाळणं पूर्णपणे विभागाच्या हातात आहे. सिझेरियनला पाठीत देतात ते भूल देणारं ब्युपिवाकेन आणि ट्रॅनेक्सॅमिक, दोन्ही काचेच्या छोट्या अँप्युलमध्ये येतात, दोन्ही पाण्यासारखी रंगहीन. घाईत एकाच्या जागी दुसरं उचललं जातं आणि ट्रॅनेक्सॅमिक पाठीच्या मणक्यात जातं. मग बाईला भूल येत नाही. पाठ, नितंब, मांड्यांत भयंकर वेदना सुरू होतात, झटके येतात, हृदयाची लय बिघडते. अशा प्रसंगांच्या नोंदी जगभर आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा मृत्यू झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये यावर खास इशारा दिला होता.

म्हणून माझी विनंती अशी की औषध लेबर रूमच्या ट्रेवर ठेवा असं मी म्हणते, तेव्हा ते भुलेच्या ट्रॉलीवर कधीही, कुठल्याही कारणाने ठेवायचं नाही, हेही त्याच आदेशात लिहावं. थिएटरमध्ये ठेवायचंच असेल तर वेगळ्या डब्यात, वेगळ्या जागी, वर मोठ्या अक्षरांत ‘फक्त शिरेतून’. अँप्युल फोडणाऱ्याने नाव मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने ऐकावं. आणि महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने निविदेतच अट घालावी की लेबल ब्युपिवाकेनपासून लांबून ओळखू येईल असं, वेगळ्या रंगाचं हवं. एवढी मोठी खरेदी करणाऱ्या राज्याने अट घातली तर कंपन्या लेबल बदलतील. खालच्या पातळीवर कितीही प्रशिक्षणं घेतली तरी सारख्या दिसणाऱ्या दोन काचा रात्री तीन वाजता सारख्याच दिसणार.

देण्याच्या पद्धतीतही बारकावे आहेत, ते प्रशिक्षणात सांगावेत. दोन अँप्युल म्हणजे १० मिली, मिनिटाला एक मिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. घाईने ढकललं तर बीपी उतरतं, उलटी होते. रक्ताच्या पिशवीत किंवा पेनिसिलिनमध्ये मिसळायचं नाही. रक्त चालू असेल तर दुसऱ्या हाताची शीर धरायची. लेबर रूममधल्या बाईच्या दोन्ही हातांना जाड इंट्राकॅथ (शिरेतली नळी) असावी हे आम्हाला शिकवलंय, ते इथे उपयोगी पडतं.

१०८ मध्येही हे औषध असावं, आणि त्यातल्या डॉक्टरांना केवळ बाळंतिणीसाठी नव्हे तर अपघातासाठीही स्थायी आदेश असावा. समृद्धी महामार्गावर किंवा घाटात गाडीखाली चेंगरलेल्या माणसाचा पहिला तास रुग्णवाहिकेतच जातो. केंद्रातून निघताना पहिला डोस राहिला असेल तर तो निदान रुग्णवाहिकेत मिळावा. आणि मिळाला असेल तर पुढच्या दवाखान्याला ते कळावं. त्यासाठी रेफरच्या छापील चिठ्ठीवर दोन रकाने वाढवावेत: बाळ झाल्याची वेळ, ट्रॅनेक्सॅमिक दिल्याची वेळ. माता मृत्यू अन्वेषणाच्या फॉर्ममध्येही हे दोन आकडे विचारावेत. मृत्यूनंतरच्या बैठकीत रक्त मिळालं का, गाडी वेळेत आली का, हे सगळे प्रश्न होतात. पहिला डोस किती मिनिटांत मिळाला, हा प्रश्न मी कोणाला विचारताना ऐकला नाही.

हे औषध कोणासाठी शोधलं गेलं, तेही आपल्याला माहीत असावं असं वाटतं. जपानच्या डॉ. उताको ओकामोतो यांनी पती शोसुके यांच्याबरोबर ते शोधलं, १९६२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून त्या काम करत होत्या. पण तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी बाळंतिणींवर चाचणी घ्यायला तयारी दाखवली नाही. पुढची कितीतरी वर्षं औषध पाळीच्या जास्त रक्तस्रावाला आणि दात काढताना वापरलं गेलं. वूमन चाचणीचा निकाल छापून आला त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी त्या वारल्या. ज्यांच्यासाठी औषध केलं त्यांच्यापर्यंत ते पोचायला पन्नास वर्षांहून जास्त लागली. त्यात आपल्या कपाटाच्या कुलपाची भर पडू नये.

महाराष्ट्राचं काम या बाबतीत देशात चांगलं आहे हे मला ठाऊक आहे, त्यात माझ्या पिढीच्या सिस्टरांचे हात आहेत. २०१८-२०च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचं माता मृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ९७ होतं, आपलं ३३. केरळचं १९. राज्याच्या सरासरीत अक्कलकुवा आणि भामरागड दिसत नाहीत. जे मृत्यू अजून टळत नाहीत ते बरेचसे तिथले, रस्त्यातले, रात्रीचे आहेत, आणि देशात निम्म्याहून जास्त गर्भवतींच्या अंगात मुळात रक्त कमी असताना त्यांना थोडा रक्तस्रावही झेपत नाही. मोठी रुग्णालयं बांधायला वेळ लागेल, तज्ज्ञ मिळायला त्याहून जास्त. दोन अँप्युल, एक सहीचा कागद आणि चिठ्ठीवरचे दोन रकाने यांना तेवढा वेळ लागायचं कारण नाही.

येत्या पावसाळ्याआधी, रस्ते बंद होण्याआधी, निदान आदिवासी तालुक्यांतल्या प्रसूती होणाऱ्या प्रत्येक उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात औषध व स्थायी आदेश पोचवावा, ही विनंती. प्रशिक्षणाला माणूस कमी पडत असेल तर निवृत्त सिस्टर पुष्कळ आहेत. कोणत्याही तालुक्याला बोलवा, आम्ही येऊ.

आपली नम्र,
एक निवृत्त अधिपरिचारिका